रेघेवर कापलेले शर्ट

गल्लीतल्या निम्म्या घरांची दारं मिस्त्रीनं केली होती. उरलेली निम्मी त्यानं केली नव्हती, म्हणूनच ती नीट लागत नाहीत, असं तो स्वतः सांगायचा. लाकडाच्या वखारीत होता तेव्हापासून त्याच्या मागच्या खिशात गुण्या खोचलेला असे. सुताराचं ते काटकोन बघायचं हत्यार. त्यावरून सगळे त्याला गुण्यामिस्त्री म्हणत. कुणाकडं चहाला गेला तरी बसल्याबसल्या टेबलाच्या कोपऱ्याला गुण्या लावायचा, आणि मग यजमानाकडं असा बघायचा की त्या बिचाऱ्याच्या घशात चहा अडकावा.

त्याच्या बायकोला सगळी गल्ली काकू म्हणायची. ती गोधड्या शिवायची. दोघांचं घर दोन खोल्यांचं, मागं पत्र्याची पडवी. पडवीत त्याची सागाच्या, शिसवीच्या, बाभळीच्या तुकड्यांनी भरलेली पोती, आणि आतल्या खोलीत तिची चिंध्यांची बोचकी. समोरच्या शिंपीणबाईकडं कापडाचा जो तुकडा उरे तो संध्याकाळपर्यंत काकूच्या घरी आलेला असे.

“हा उकिरडा कधी उचलताय?” काकू पडवीकडं बोट दाखवून विचारायची.

“तुझा चिंध्यांचा बाजार उठला की,” मिस्त्री म्हणायचा.

बाजार उठला नाही, उकिरडाही हलला नाही. टाकून देणं हे दोघांच्याही रक्तातच नव्हतं.

वखार सुटल्यावर मिस्त्रीचे हात शिवशिवायला लागले. सुताराचं मन बाभळीपाशी म्हणतात, पण याचं मन फिरता फिरता बायकोच्या गोधड्यांपाशी आलं. गडद चौकोन, फिका चौकोन, मध्ये उभा फिरवलेला त्रिकोण. बघता बघता त्याला वाटलं, हे तर आपलंच काम, फक्त कापडात केलेलं. एका दुपारी काकू गोधडी पांघरून पडली होती तर यानं तिच्या अंगावरच पट्टी ठेवून मापं घेतली.

“अहो, मी मेलेय का, माप घ्यायला?” ती पांघरुणातून म्हणाली.

त्या मापाचे त्यानं लाकडाचे तुकडे पाडले. शिसवीचे काळे, सागाचे पिवळे. फळीवर कडेला कड लावून चिकटवले, रंधा मारला, तेल दिलं. पहिला ट्रे तयार झाला तेव्हा काकूनं त्याच्यावरून तळवा फिरवला, एकही सांधा हाताला लागेना.

“टाके कुठं गेले?”

“टाके कशाला? सरस आहे ना.”

“म्हणजे फुकटची गोधडी,” असं म्हणून तिनं तो ट्रे उचलला, आणि त्या दिवसापासून चहा त्यातूनच यायला लागला.

पुढं हे देणंघेणं वाढलं. तिला कापड ताणून धरायला चौकट हवी होती, ती त्यानं केली. तुकडे आखायला लाकडाचे साचे केले, कापायची मात्र ती. बोटात सुई घुसू नये म्हणून शिसवीचं अंगुस्तान करून दिलं, ते तिच्या बोटावर असं बसलं की जणू तिथंच उगवलंय. त्याच्या लाकडाला रेषा असतात तशा कापडालाही असतात, आडवं ओढलं तर ताणतं, उभं ओढलं तर नाही, हे तिनं त्याला शिकवलं. गल्लीत कुणाचं काही शुभ असलं की एका हातानं काकूची गोधडी यायची आणि दुसऱ्या हातानं त्याच नक्षीचा मिस्त्रीचा ट्रे. एक मात्र होतं. गोधडी त्यानं कायम वरूनच बघितली. ती उलटी करून आतली शिवण बघायची गरज त्याला कधी पडली नाही.

त्यांचा मुलगा एकच. त्याला लाकडाचं वावडं. “भुसा नाकात घालून म्हातारं व्हायचं नाही मला,” म्हणाला आणि मालवाहू गाडी चालवायला लागला. शर्टांचा मोठा शौकीन. चौकटींचे, रेघांचे, निळे, विटकरी. बापाच्या खाकीचा त्याला लहानपणापासून राग. शाळा सुटायच्या वेळी वखारीतून परतणारा खाकीतला बाप दिसला की पोरगा रस्ता ओलांडून पलीकडं जायचा. मिस्त्रीला ते दिसायचं. दिसलं नाही असं दाखवायचा.

त्याचं लग्न झालं, सून घरी आली, आणि मग एका उतारावर त्याची गाडी कलंडली. घरी आणला तेव्हा तो त्याच्यासारखा दिसत नव्हता. मिस्त्रीनं त्याला मनगटावरच्या घड्याळाच्या पट्ट्यावरून ओळखलं.

सून राहिली. माहेरी कुणी नव्हतं असं नाही, पण ती राहिली. औषधाच्या दुकानात कामाला जायची, येताना काकूच्या गोळ्या आणायची, मिस्त्रीच्या डोळ्यांत थेंब घालायची. वर्षं गेली. मग दुकानात माल पोचवणाऱ्या एका माणसानं, त्याची बायको आजारात गेलेली, सुनेला लग्नाचं विचारलं. ती नाही म्हणाली. त्यानं पुन्हा विचारलं, ती पुन्हा नाही म्हणाली. हे काकूच्या कानावर आलं.

“नाही का म्हणालीस?”

“आई, तुम्हाला टाकून कुठं जाऊ?”

“आम्ही काय सागवान आहोत का, पुढची शंभर वर्षं टिकायला? उद्या आम्ही गेलो की या भिंतींशी बोलणारेस? माणूस बरा आहे का तेवढं सांग.”

सून खाली बघून म्हणाली, “बरा आहे.”

“मग झालं तर.”

नोंदणी कचेरीतली तारीख ठरली, थंडीच्या तोंडावरची. त्या आठवड्यात काकूनं ट्रंक उघडली. मुलाचे शर्ट आत होते तसेच होते, मिस्त्रीनं त्या ट्रंकेला आजवर हात लावला नव्हता. काकूनं ते खुर्चीवर रचले.

“याची गोधडी करते,” ती म्हणाली. “ही जाईल तेव्हा हिच्याबरोबर जाईल. आणि डोक्यापासून पायापर्यंत पुरली पाहिजे. अर्धवट पांघरूण देऊन मी पोरीला पाठवणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातातून कप पडला. तो उचलायला हात गेला नाही. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढायला लागला. तोंड वाकडं झालं होतं ते हळूहळू सरळ झालं. “जीभ वाचली. गल्लीचं नशीब फुटकं,” असं तीच सगळ्यांना सांगायची. पण खुर्चीवरचे शर्ट तिला पलंगावरून समोर दिसायचे आणि ती बोलता बोलता थांबायची.

शिंपीणबाई येऊन म्हणाली, “काकू, द्या माझ्याकडं. मशीनवर एका दुपारचं काम.”

“म्हणून तर देत नाही,” काकू म्हणाली. “मला हे एका दुपारी संपवायचं नाहीये.”

कोपऱ्यात मिस्त्री बसला होता. तो म्हणाला, “मी कापतो. मग शिवायचं बघू.”

काकूनं त्याच्या हातांकडं बघितलं. “उद्या बसू. मी सांगेन तसं कापा. माझ्याआधी कात्रीला हात लावायचा नाही.”

पण दुसऱ्या दिवशी दुपारी गोळी घेऊन तिचा डोळा लागला, आणि मिस्त्री शर्ट घेऊन पडवीत गेला. ती जागी असताना त्या कापडांत पातं जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं. ते दुखणं आपण एकट्यानं उरकावं. मापाची चिंता नव्हती, माप तर तिचंच होतं. ट्रेसाठी केलेला शिसवीचा साचा त्यानं काढला, तिच्या तयार गोधडीतल्या चौकोनाएवढा, तंतोतंत. फळीवर कापड अंथरलं, साचा दाबला, पटाशीसारखी धार लावलेली सुरी रेघेवरून ओढली. कॉलर बाजूला, कफ बाजूला, बटणं वाटीत. एका खिशाखाली शाईचा डाग होता, तो बरोबर चौकोनाच्या मध्ये येईल असा त्यानं साचा ठेवला. तेवढ्यापुरता त्याचा हात थांबला. मग पुन्हा चालला. संध्याकाळपर्यंत सगळे शर्ट संपले होते आणि फळीवर चौकोनांची चळत उभी होती. तिला गुण्या लावला असता तर चारी बाजूंनी फटीतून उजेड दिसला नसता.

काकू उठल्यावर त्यानं ती चळत तिच्या मांडीवर ठेवली. तिनं डाव्या हातानं वरचा चौकोन उचलला. कडेवरून अंगठा फिरवला. मग खालचा उचलला. मग चळतीच्या मधला एक ओढून काढला.

“सगळे असेच?”

“सगळे. केसाचा फरक नाही.”

“आणि माया?”

“कसली?”

“अहो, शिवणीत आत जाणारं कापड. त्याला माया म्हणतात. ती कुठं ठेवलीत?”

मिस्त्रीनं वरचा चौकोन उलटून बघितला.

“शिवण घालू कशात मी? हवेत?” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “दाराच्या चौकटीची दांडी कापताना खाचेत बसायला टोक जास्तीचं ठेवता की नाही? का दोन फळ्या नुसत्या शेजारी उभ्या करून म्हणता झालं दार?”

“तुझ्या गोधडीचंच माप घेतलं गं मी.”

“वरून घेतलंत. गोधडी आतून मोठी असते. चारी बाजूंनी बोट बोट आत जाईल. सगळं जोडून झाल्यावर पोरीच्या गुडघ्यापर्यंत येईल ही. गुडघ्यापर्यंत!”

आणि कापड आणायचं तर कुठून? बाजारात जगातलं सगळं कापड होतं, हे नव्हतं.

शिंपीणबाई दारातूनच बघत होती. तिला राहवलं नाही. “मिस्त्री, कापड आहे ते, फळी नव्हे! चिकटवणार होता की काय सरसानं?” कुणी हसलं नाही. तिचं तिलाच कसंतरी झालं आणि ती निघून गेली.

सून कामावरून आली. चळत बघितली, दोघांची तोंडं बघितली आणि तिला न सांगता कळलं. ती आतल्या खोलीत गेली. उशीच्या अभ्र्यातून एक शर्ट काढून घेऊन आली, निळ्या चौकटींचा. तो ट्रंकेत कधी गेलाच नव्हता.

“याचं कापड घ्या, आई. अजून एकदोन ओळी वाढतील.”

काकूनं शर्टाला हात लावला नाही. “धुतलेला आहे?”

“नाही.”

“मग ने आत. त्याला कात्री लागायची नाही.” मिस्त्रीकडं वळून म्हणाली, “ऐकलंत ना तुम्ही? लागायची नाही.”

मिस्त्री त्या रात्री जेवला नाही. सकाळी पडवीत जाऊन बसला. त्यानं आयुष्यात लाकूड चुकवलं नव्हतं असं नाही. चुकलेली फळी दुसरीकडं लागते, अगदी काही नाही तर पाचर होते. पण पोराच्या शर्टाची पाचर कशाला लावायची? तो नुसताच बसून राहिला. समोर पडवीची खिडकी होती, त्यानंच केलेली, सहा काचांची. बघता बघता तो उठला. पटाशीनं त्यानं एका काचेची लाकडी पट्टी अलगद उचकली, काच काढली, आणि काच आणि पट्टी दोन्ही घेऊन पलंगापाशी आला.

“ही बघ.”

“आता खिडकी पण मोडा. तेवढंच राहिलं होतं.”

“अगं ऐक तरी. काच रेघेवरच कापतात. तिचं टोक कुठं आत घालायचं नसतं, घातलं तर फुटते. मग बसते कशी? कडेला ही पट्टी येते. पट्टी काचेला धरते.” त्यानं चळतीतले दोन चौकोन चादरीवर कडेला कड लावून ठेवले आणि सांध्यावर ती लाकडी पट्टी आडवी टेकवली. “तुकडे असेच ठेवायचे, खालच्या अस्तरावर. जोडायचे नाहीत. जोडावर कापडाची पट्टी टाकायची आणि पट्टीच्या दोन्ही कडा शिवायच्या. कापड आत जाईल ते पट्टीचं जाईल. त्याचं नाही जाणार.”

काकूनं पट्टी उचलली, खाली बघितलं, पुन्हा ठेवली. बराच वेळ ती त्या दोन चौकोनांशी खेळत राहिली. मग म्हणाली, “पट्टीला मळखाऊ कापड लागेल. आणि सगळीकडं एकच.”

“माझी खाकी आहे ना. पोतंभर पडलीय.”

“खाकी!” काकू हसली, पण ते हसू अर्ध्यातच विरलं. “आयुष्यभर तुमच्या खाकीपासून पळाला तो. रस्ता ओलांडायचा तुम्हाला बघून. आता चारी बाजूंनी बापच.”

ती हे जाणते, हे मिस्त्रीला माहीत नव्हतं. त्यानं काच पुसली, उगाचच.

“असू दे,” तो म्हणाला. “आता कुठं पळणार.”

खाकीच्या पट्ट्या शिंपीणबाईनं कापून दिल्या. न विचारता आली, न बोलता कापल्या, आणि या वेळी दोन्ही कडांना दुमडायला कापड ठेवलंय की नाही ते काकूला दाखवून गेली. शिवायचं मिस्त्रीनं. काकू पलंगावर, चौकट दोघांच्या मध्ये, तिचा डावा हात कापड दाबून धरायला आणि जीभ बाकी सगळ्याला.

“एवढा मोठा टाका? पायाचा अंगठा अडकेल त्यात.”

मिस्त्रीनं उसवला. दुसऱ्या दिवशी त्यानं सागाची एक कांडी आणली, तिच्या कडेला बारीक सारख्या खाचा. ती कापडावर ठेवायची आणि खाचेगणिक टाका घालायचा.

“टाके आहेत का खिळे?” काकू म्हणाली. पण कांडी ठेवू दिली. शिसवीचं अंगुस्तान त्याच्या बोटात जाईना, पेरापाशीच अडायचं. दुसरं करणं त्याला एका तासाचं काम, पण त्यानं केलं नाही. सुई टोचत राहिली. विटकरी रंगाच्या तुकड्यांवर कुठं कुठं त्याच्या रक्ताचे ठिपके असतील, पण तो रंगच असा की दिसायचे नाहीत.

सून कामावरून यायची, चौकटीच्या बाजूनं वाट काढून आत जायची. काही विचारायची नाही. एकदा फक्त शाईच्या डागाच्या चौकोनापाशी थांबली. “हा पेन माझा होता,” म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

तारखेच्या आदल्या दिवशी शेवटचा टाका पडला. दुपारी गोधडी चौकटीवरून उतरवली, जमिनीवर अंथरली. पट्ट्यांच्या खाकीत ते सगळे शर्ट खिडकीतल्या काचांसारखे दिसत होते. मिस्त्रीनं सवयीनं कोपऱ्याला गुण्या लावला. कोपरा काटकोनात नव्हता. चारही नव्हते. त्यानं गुण्या खिशात घातला.

“पड बघू पोरी, पांघरून दाखव,” काकू म्हणाली.

सून चटईवर पडली. गोधडी हनुवटीपर्यंत ओढली. मिस्त्रीची नजर थेट दुसऱ्या टोकाला गेली. पायाची बोटं बाहेर होती. बोटं आणि चवड्याचा थोडा भाग.

“असं कसं?” तो खाली बसला. “मी मांडून बघितलं होतं. चांगली वीतभर जास्त भरत होती!”

“धावदोरा घातलात ना सगळीकडून. टाका ओढून घेतो कापड,” काकू शांतपणे म्हणाली. “टाका खातो थोडं.”

 मिस्त्रीनं आपल्या सुजलेल्या बोटांकडं बघितलं, मग त्या उघड्या पायांकडं. एवढं करून पुन्हा तेच. पुन्हा अपुरी.

गोधडीखाली हालचाल झाली. सुनेनं गुडघे पोटाशी घेतले. पाय आत गेले.

“अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणून तुम्हीच ओरडायचात ना, आई?” ती आतून म्हणाली. “आणि मी कधी सरळ झोपलेय? आठवून बघा.”

काकूनं डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. सून बराच वेळ तशीच पडून राहिली, तोंडावर गोधडी ओढून. तिचा खांदा हलत होता की श्वास, ते कुणी बघायला गेलं नाही. मिस्त्री पडवीत जाऊन खिडकीची काच बसवत बसला, ती बसवायची राहिलीच होती.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून सही करून ती दोघं सामान न्यायला आली. नवा जावई म्हणावं की काय म्हणावं, मिस्त्रीला कळेना. त्यानं त्याला खुर्ची दिली. तो माणूस खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, “बाबा, आमच्या घराचं दार घासतं. कधी येऊन बघाल का?” मिस्त्रीनं मान डोलावली.

सुनेनं सगळ्यात शेवटी गोधडी उचलली. जमिनीवर पसरली, हात फिरवून सुरकुत्या काढल्या आणि घडी घातली. शर्टांची बाजू आत गेली. साध्या अस्तराची बाजू वर आली. कुणी बघितलं असतं तर साधी करडी गोधडी. निळ्या चौकटींचा शर्ट तिनं घडी घालतानाच पोटात सरकवला होता, ते मिस्त्रीनं बघितलं. गोधडी छातीशी धरून ती दोघांच्या पाया पडली, आणि गेली.

दार लोटून मिस्त्री आत आला. पलंगाच्या कडेला टेकला.

“टाका खातो, हे तुला माहीत होतं,” तो म्हणाला.

“चाळीस वर्षं शिवतेय. मला नाही तर कुणाला असणार?”

“मग आधी सांगायचंस! मांडतानाच सांगितलं असतंस तर...”

“तर काय केलं असतंत? कापड तर संपलं होतं. तिच्याकडं तो शर्ट मागितला असतात.” काकूनं तोंड भिंतीकडं केलं. “आणि तिनं दिला असता. हसत दिला असता. मला माहीत आहे ना ती.”

मिस्त्रीनं मागच्या खिशातून गुण्या काढला. खोलीत मोकळी झालेली चौकट होती, रिकामी खुर्ची होती. तो कशाला लावायचा हे न सुचून त्यानं तो तसाच हातात धरला.

“ठेवा तो,” काकू म्हणाली. “चहा टाका. आणि जमलं तर तिच्या घराचं दार उद्याच बघून या. घासतंय म्हणत होता.”